परमुलखातील पहिला आठवडा

जून-जुलै सुरू झाला की आमच्या दवाखान्यात एक निराळा रुग्णवर्ग दिसू लागतो. हे रुग्ण आजारी नसतात. नुकतीच पदवी हाती आलेली, व्हिसाच्या कागदपत्रांची फाइल काखेत धरलेली ही मुले-मुली असतात आणि त्यांच्यासोबत आई किंवा वडील, बहुधा दोघेही, आलेले असतात. व्हिसासाठी लागणारी क्षयरोगाची तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रात अगोदरच झालेली असते. आमच्याकडे येण्याचे प्रयोजन वेगळे. "डॉक्टर, तिकडे न्यायला औषधे लिहून द्या. सगळी द्या. तिकडे म्हणे डॉक्टर लवकर भेटतच नाहीत." मग यादी वाढत जाते. तापाची, सर्दीची, जुलाबाची, उलटीची, आणि उठता उठता, आवाज थोडा खाली आणून, "एखादे अँटिबायोटिकही असू द्या, अडीअडचणीला."

दवाखाना असा पिशवीत भरून नेता येत नाही, हे मी दरवर्षी सांगतो. या लेखातही मला मुख्यत्वे तेच सांगायचे आहे. माझ्याकडून गेलेली बहुतेक मुले इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या एम. एस्सी.साठी गेली आहेत; म्हणून मी इंग्लंडविषयीच लिहितो. जर्मनी, आयर्लंड, अमेरिका यांचे नियम वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. तिथे वर्ग साधारण सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतात, आणि हल्ली अनेक मुले पहिल्याच आठवड्यापासून कुठे ना कुठे इंटर्नशिप, म्हणजे आपल्या जुन्या शब्दांत उमेदवारी, करू लागतात. अभ्यास नवा, काम नवे, हवा नवी, आणि शरीर मात्र अजून आपल्या गावच्या घड्याळावर चालणारे. मुलाच्या प्रकृतीचा पालक कोण, हे याच आठवड्यात ठरत असते. तुमचा फॅमिली डॉक्टर त्या जागी यापुढे असू शकत नाही, हे जितक्या लवकर घरातील सर्वांच्या ध्यानी येईल तितके बरे.

वेळापत्रकातील रिकामी घरे

मुलांच्या हाती पहिल्या दिवशी जे वेळापत्रक पडते ते पाहून त्यांना हायसे वाटते. आपल्याकडील महाविद्यालयात सकाळी नऊ ते चार वर्ग भरत. इथे आठवड्याला जेमतेम दहा-बारा तासांची व्याख्याने! उरलेली घरे रिकामी. या रिकाम्या घरांत मग उमेदवारीचे दोन दिवस बसवले जातात, वर शनिवार-रविवारी एखाद्या दुकानात काम मिळते का, याचाही शोध सुरू होतो.

हे गणित कागदावर मांडून पाहावे. इंग्लंडमधील एम. एस्सी. ही १८० क्रेडिटांची असते आणि एका क्रेडिटमागे १० तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. म्हणजे १८०० तास. सुट्ट्यांचे आठवडे वगळले, तर आठवड्याला सुमारे ४० तास. त्यांपैकी वर्गात बसण्याचे तास थोडे. बाकीचे ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, गटाने करावयाच्या कामात जायचे असतात. वेळापत्रकातील घर रिकामे दिसते, पण ते वाचनासाठी राखून ठेवलेले असते. त्यात उमेदवारीचे १६ तास आणि जाण्या-येण्याचे ४ तास मिळवा. झाले ६०. आठवड्याच्या १६८ तासांतून रोजची आठ तासांची झोप वजा केली तर ११२ उरतात. त्यांतून हे ६० गेले की दिवसाला साडेसात तासही हाती राहत नाहीत. स्वयंपाक, भांडी, कपडे, बाजारहाट, विद्यापीठात जाणे-येणे, आंघोळ, घरचा फोन, सगळे त्यातच.

हे अशक्य नाही. अनेक मुले ते उत्तम करतात. परंतु या मांडणीत आजारपणाला जागा नाही, आणि आजारपण बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच येते. मग मुले तास कुठून काढतात? झोपेतून. तेवढी एकच गोष्ट अशी असते की जिच्याबद्दल कोणी जाब विचारत नाही.

त्याच अनुषंगाने एक कायद्याची गोष्ट. पदवी वा त्यापुढील शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला तिकडे सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. हा आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात, आणि बिनपगारी इंटर्नशिपचे तासही त्यात धरले जातात. "पैसे मिळत नाहीत, मग ते काम कसले?" असा समज करून घेतलेली मुले मला भेटली आहेत. अभ्यासक्रमाचाच अधिकृत भाग असलेली उमेदवारी तेवढी याला अपवाद. विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्ष हे सारे नीट समजावून सांगतो; मित्राच्या मित्राने सांगितलेले ऐकू नये. वैद्य म्हणून विचाराल, तर ही मर्यादा मला शरीराच्या दृष्टीनेही शहाणपणाची वाटते.

शरीराचे घड्याळ

सप्टेंबरअखेर इंग्लंडचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. याचा अर्थ असा, की तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा मुलाच्या शरीराच्या लेखी रात्रीचे साडेदहा झालेले असतात. वर्गातून परतल्यावर तो पलंगावर ‘पाच मिनिटे’ पाठ टेकतो आणि दिवेलागणीलाच गाढ झोपतो. पहाटे तीनला टक्क जागा होतो, कारण गावाकडे तेव्हा साडेसात वाजलेले असतात. हाताशी फोन असतोच. घरची मंडळी चहा घेत बसलेली असतात, त्यांनाही आनंद होतो. पाऊण तास गप्पा होतात, आणि त्या दिवशीची उरलीसुरली झोप संपते. सकाळी नऊला उमेदवारीच्या ठिकाणी हा पोरगा पोचतो तो सहा तास जागून.

पश्चिमेकडे प्रवास केल्यावर हे घड्याळ तुलनेने लवकर जुळते; चार-पाच दिवस पुरतात. मात्र त्याला थोडी मदत करावी लागते. त्या दिवसांत तिकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पाच ते सात या वेळात खोलीत न थांबता बाहेर उजेडात चालावे. किराणा आणणे, बसचा रस्ता पाहून ठेवणे ही कामे त्याच वेळी करावीत. दुपारी झोपच अनावर झाली तर वीस मिनिटांचा गजर लावून झोपावे. दोननंतर कॉफी नको. रात्री साडेनऊ-दहापर्यंत कसेही करून जागे राहावे, आणि पहाटे तीनला जाग आली तर दिवा लावू नये, फोनला हात लावू नये. पडून राहावे, झोप येते.

घरच्यांसाठी याच संदर्भात एक विनंती. कुटुंबाच्या गटावर सकाळी सहाला जी सुप्रभाताची फुले आणि सुविचार पडतात, ते मुलाच्या उशाशी रात्री दीड वाजता वाजतात. मुलांना गट सोडवत नाही आणि आवाज बंद करायला सुचत नाही. आजोबांना कोणीतरी समजावून सांगावे.

उजेडाचाच दुसरा प्रश्न ‘ड’ जीवनसत्त्वाचा. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमधील उन्हातून ते पुरेसे तयार होत नाही. म्हणून त्या काळात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजेच ४०० युनिट, घेण्याचा सल्ला तेथील आरोग्यसेवा सर्वांनाच देते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी तर ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही ती सांगते. ही गोळी तिकडे कोणत्याही मोठ्या दुकानात स्वस्तात मिळते. इथून नेलेल्या ६०,००० युनिटच्या पुड्या आणि तिकडची रोजची गोळी दोन्ही मनाने सुरू करू नयेत. ‘जीवनसत्त्वच ते, जास्त झाले म्हणून काय बिघडते’ असे ‘ड’च्या बाबतीत म्हणता येत नाही. ते शरीरात साठते.

"डॉक्टरकाका, अझिथ्रोमायसिन घेऊ का?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला अनेकदा आला आहे. त्यांतील एकच प्रसंग सांगतो. मँचेस्टरला गेलेली एक मुलगी, तिला मी ती दोन वर्षांची असल्यापासून पाहत आलो. वर्ग सुरू होऊन चार दिवस झालेले, मंगळवारी आणि बुधवारी एका कार्यालयात उमेदवारी. गुरुवारी तिचा निरोप आला तेव्हा आमच्याकडे रात्रीचा एक वाजला होता, तिकडे साडेआठ. घसा दुखतो, ताप १०१, अंग मोडून आले आहे. सोबत उघड्या तोंडाचे छायाचित्र, ज्यात जीभ आणि दिव्याचा उजेड यांखेरीज काहीही दिसत नव्हते. पिशवीत अझिथ्रोमायसिनचे पाकीट होते. घेऊ का?

मी तिला उलट विचारले, तिकडच्या डॉक्टरकडे नाव नोंदवलेस का? "काका, वेळच मिळाला नाही." बँकेचे खाते उघडले होते, बसचा पास काढला होता, फोनचे कार्ड घेतले होते, उमेदवारीच्या ठिकाणचे सारे अर्ज भरले होते. एवढेच राहिले होते.

ही नोंदणी म्हणजे काय, ते पालकांनीही समजून घ्यावे. इंग्लंडमध्ये प्रत्येकाने आपल्या राहत्या भागातील एका जनरल प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे ‘जीपी’च्या, दवाखान्यात नाव नोंदवायचे असते. ते विनामूल्य असते, बहुतेक ठिकाणी घरबसल्या अर्ज भरून होते, आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नाव नाकारता येत नाही. नोंदणीनंतर एनएचएस क्रमांक मिळतो. विशेषज्ञाकडे जायचे असले तरी वाट याच दवाखान्यातून जाते. यासाठीचे पैसे तर आपण व्हिसाच्या वेळीच भरलेले असतात. विद्यार्थ्यांसाठी दर वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे पाऊण लाखाहून अधिक रुपये. एवढे पैसे भरून ज्या दाराची किल्ली घेतली ते दार उघडायचेच नाही आणि साडेसात हजार किलोमीटरवरच्या माणसाला घशाचे छायाचित्र पाठवायचे, याला काय म्हणावे? मी फोनवर घसा पाहू शकत नाही, मानेच्या गाठी चाचपू शकत नाही, छातीला नळी लावू शकत नाही. मी लिहून दिलेली चिठ्ठी तिकडे चालत नाही. मला फक्त काळजी करता येते.

‘जीपी’ची वेळ लगेच मिळत नाही, ही तक्रार काही अंशी खरी आहे. परंतु तिथे जीपी आणि रुग्णालय यांच्या अलीकडे आणखी दोन पायऱ्या आहेत, त्या आपल्या लोकांना ठाऊक नसतात. पहिली पायरी औषधविक्रेत्याची. आपल्याकडे मेडिकलवाला म्हणजे चिठ्ठीप्रमाणे गोळ्या देणारा. तिकडचा फार्मासिस्ट तपासून सल्ला देतो. जानेवारी २०२४पासून इंग्लंडमध्ये घसादुखी, कानदुखी, सायनसचा त्रास, स्त्रियांमधील लघवीचा साधा संसर्ग अशा ७ तक्रारींवर तो, गरज वाटली तर, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकसारखे औषधही देऊ शकतो. दुसरी पायरी १११ या क्रमांकाची. हा फोन चोवीस तास चालू असतो. पलीकडचा माणूस प्रश्न विचारून घरी थांबायचे, फार्मासिस्टकडे जायचे की रुग्णालयात, ते सांगतो. जिवावर बेतल्यास ९९९.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फार्मासिस्टकडे जायला सांगितले. त्याने तिचा घसा पाहिला, अँटिबायोटिकची गरज नसल्याचे सांगितले, पॅरासिटामॉल आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांवर बोळवण केली. "आजीनेही हेच सांगितले असते," असे तिने मला नंतर कळवले. चार दिवसांत ती बरी झाली. नवे सत्र सुरू होताना देशोदेशीची हजारो मुले आपापले विषाणू घेऊन एका सभागृहात येतात; पहिल्या पंधरवड्यात अर्ध्या वसतिगृहाला खोकला असतो. तिकडे त्याला ‘फ्रेशर्स फ्लू’ असे नावच आहे. तो बहुतेक वेळा फ्लूही नसतो, साधे सर्दी-पडसे असते. त्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही.

पॅरासिटामॉलविषयी थोडे. प्रौढाने ते चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये. आपल्याकडची गोळी बहुधा ६५० मिलिग्रॅमची, तिकडची ५०० मिलिग्रॅमची. शिवाय सर्दीसाठी गरम पाण्यात घालून प्यायच्या ज्या पुड्या तिकडे मिळतात, त्यांतही पॅरासिटामॉलच असते. इथली गोळी आणि तिकडची पुडी एकाच दिवशी घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते. तेथील किराणा दुकानात एका वेळी १६ गोळ्यांची दोनच पाकिटे देतात, ती उगाच नव्हे.

थांबू नये असा ताप

आता जे लिहितो ते मुलांनी स्वतः वाचावे. प्रत्येक ताप साधा नसतो. मेंदूच्या आवरणाचा दाह, म्हणजे मेनिन्जायटिस, हा आजार विरळ आहे. पण वसतिगृहात दाटीने राहणाऱ्या तरुणांना त्याचा धोका अधिक, आणि तो काही तासांत प्राणघातक होऊ शकतो. सुरुवातीला तो सर्दी-तापासारखाच दिसतो. तापासोबत असह्य डोकेदुखी, मान ताठरणे, उजेड सहन न होणे, सतत उलट्या, ताप असूनही हातपाय गार पडणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांतले काहीही दिसले, तर थांबायचे नाही. अंगावर पुरळ उठून त्यावर काचेचा पेला दाबला तरी तो फिका पडत नसेल, तर ती फार मोठी खूण आहे. आपल्या त्वचेवर हा पुरळ चटकन दिसत नाही; तळहात, तळपाय, पापण्यांची आतील बाजू आणि टाळू पाहावी. पण पुरळाची वाट पाहत बसू नये. लगेच ९९९ला फोन करावा. आईला फोन त्यानंतर.

अशा वेळी मुलगा एकटा खोलीत असतो आणि ‘झोपलो की बरे वाटेल’ म्हणून दार लावून घेतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या कोणा एकाशी एवढी ओळख करून घ्यावी, की ताप आला तर त्याला सांगता येईल, "दर दोन तासांनी दार वाजव." ही ओळख मराठी माणसाशीच असायला हवी असे नाही.

या आजाराच्या चार प्रकारांवर ‘मेनएसीडब्ल्यूवाय’ ही लस आहे. विद्यापीठात नव्याने येणाऱ्या, पंचविशी न गाठलेल्या आणि ती न घेतलेल्या विद्यार्थ्यांना, परदेशी विद्यार्थ्यांनाही, ती तिकडे विनामूल्य मिळते. नाव नोंदवतानाच विचारावे. ‘बी’ प्रकारापासून ही लस संरक्षण देत नाही, तेव्हा लस घेतली असली तरी वरची लक्षणे विसरू नयेत. गोवर-गालगुंड-रुबेला या लसीचे दोन डोस झाले आहेत का, हेही जाण्यापूर्वी जुन्या वहीत पाहून घ्यावे. गालगुंडाची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे ती अनेकांची राहून गेलेली असते.

उमेदवारीची जागा

कामाच्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात आपल्या मुलांची जी ओढाताण होते, तिचे कारण काम अवघड असते हे क्वचितच असते. साहेबाला नावाने हाक मारायची, ‘मला कळले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणायचे, साडेपाच वाजले की उठून निघायचे, या तिन्ही गोष्टी आपल्या संस्कारांच्या विरुद्ध जातात. मग मूल मान डोलावत राहते, कळले नसताना ‘हो’ म्हणते, आणि रात्री दोनपर्यंत खोलीत बसून ते काम उलगडत राहते. छातीत धडधड, पोटात गोळा, सकाळी मळमळ, अशा तक्रारी घेऊन सुट्टीत आलेल्या मुलांना मी खोदून विचारले, की मुळाशी बहुधा हे न विचारलेले प्रश्न निघतात. पहिल्या आठवड्यात नवख्याने विचारलेला प्रश्न तिकडे कोणालाही खटकत नाही. दोन महिन्यांनी तोच प्रश्न विचारणे मात्र जड जाते.

दुपारचे जेवण टेबलाशीच, पडद्याकडे पाहत, हा तिकडचा सर्रास प्रकार. सहा तासांपेक्षा अधिक काम असेल तर वीस मिनिटांची सलग विश्रांती हा कायद्याने दिलेला हक्क आहे. ती घ्यावी, उठून बाहेर जावे.

आजारपणाची रजा हा आणखी एक गैरसमजाचा विषय. वर सांगितलेली मुलगी ताप असताना दुसऱ्या दिवशी कामावर जायला निघाली होती. त्या आठवड्यात तिला जादा दिवस दिला होता आणि ‘नव्यानेच लागलेय, काढून टाकतील’ ही धास्ती होती. प्रत्यक्षात सकाळी वेळेवर फोन करून कळवणे एवढेच अपेक्षित असते. पहिल्या ७ दिवसांसाठी, त्यांत सुट्टीचे दिवसही आले, डॉक्टरचा दाखला लागत नाही. आपले आपण लिहून द्यायचे असते. दाखला त्यानंतर. त्यामुळे "काका, एक मेडिकल सर्टिफिकेट पाठवा ना" या विनंतीला मी नम्रपणे नकार देतो. ज्याला मी तपासले नाही त्याचा दाखला मी देणार नाही, आणि त्याची तिकडे गरजही नाही.

भाताचा डबा

स्वयंपाकाबद्दल सविस्तर लिहिण्याचे कारण नाही. आयांनी ते प्रशिक्षण दिलेले असते. दोनच गोष्टी. फोडणी देताना पंखा चालू ठेवावा आणि स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे. मोहरी-हिंगाच्या धुराने वसतिगृहाचा भोंगा वाजून सगळी इमारत रस्त्यावर उतरल्याच्या कथा मी निदान चार मुलांकडून ऐकल्या आहेत.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. वेळ वाचवण्यासाठी मुले रविवारी कुकरभर भात लावतात आणि तो ओट्यावर ठेवून दोन-तीन दिवस गरम करून खातात. शिजलेल्या भातात तग धरून राहणारे जंतू बाहेरच्या उबेत वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. भात तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवावा, चोवीस तासांत संपवावा, आणि एकदाच पुन्हा गरम करावा. डाळ-भाजी दोन दिवसांची करा, भात रोज लावा.

जुने दुखणे असलेली मुले

दमा, मधुमेह, थायरॉइड, अपस्मार यांसाठी नियमित औषध घेणाऱ्यांना पहिला आठवडा नोंदणीशिवाय घालवण्याची सवलत नाही. सोबत औषधाच्या व्यापारी नावाऐवजी मूळ नाव लिहिलेले पत्र न्यावे, कारण आपल्याकडच्या कित्येक मिश्र गोळ्या तिकडे अस्तित्वातच नाहीत. औषधे आणि इन्सुलिन हातातील पिशवीत ठेवावे. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे सुमारे १० पौंड पडतात. मात्र इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि थायरॉइडची गोळी कायमची लागणाऱ्यांना प्रमाणपत्र काढल्यावर सर्वच औषधे विनामूल्य मिळतात. दम्याला ही सवलत नाही. एका मुलाने तेवढ्यासाठी चिठ्ठी घेण्याचे लांबवले, घरच्यांनी इनहेलर कुरिअरने पाठवला, तो वाटेत अडकला, आणि ओल आलेल्या भिंतींच्या त्या खोलीत नोव्हेंबरच्या एका रात्री त्याला रुग्णवाहिका बोलवावी लागली. तो वाचला. वीस पौंडांची काटकसर होती ती. दातांची कामे मात्र इथूनच उरकून जावे, आणि चश्म्याचा दुसरा जोड न्यावा.

घरच्यांसाठी

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या रुग्णाची माहिती तिकडचा डॉक्टर आई-वडिलांना देत नाही. तुम्ही इथून फोन करून कितीही विनवले तरी देत नाही. पुष्कळ पालकांना हा अपमान वाटतो. मला विचाराल तर याच आडोशामुळे मुले तिकडे मोकळेपणी बोलू शकतात; दारूबद्दल, नातेसंबंधांबद्दल, मनाच्या खचण्याबद्दल. या गोष्टी माझ्याशी बोलताना त्यांना समोर भिंतीपलीकडे बसलेल्या तुम्ही दिसत असता.

पाचव्या-सहाव्या दिवशी मूल फोनवर रडेल. सामान लागलेले असते, नवलाई ओसरलेली असते, आणि पहिला शनिवार उजाडलेला असतो. त्या रडण्याने घाबरून जाऊ नका, ‘परत ये’ म्हणू नका आणि ‘एवढा खर्च केलाय’ हेही म्हणू नका. ऐकून घ्या. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण जात नाही, वर्गाला जावेसे वाटत नाही असे चालू राहिले, तर विद्यापीठात समुपदेशकांचा कक्ष असतो. १११ लावून २ दाबले, तर मनाच्या त्रासासाठीही चोवीस तास माणूस बोलायला मिळतो. ‘मरून जावेसे वाटते’ असे शब्द आले, तर त्याच क्षणी.

फोनवरचा पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ हाच असणार, तो मी थांबवू शकत नाही. दुसरा प्रश्न तेवढा बदला. ‘नाव नोंदवलेस का? एनएचएस क्रमांक आला का?’ आला असेल तर लिहून घ्या, त्याच्या जीपीच्या दवाखान्याचा फोन आणि शेजारच्या खोलीतल्या मुलाचा फोनही लिहून घ्या, आणि तो कागद घरात फ्रिजच्या दारावर लावा. बोलण्याची वेळ ठरवून टाका. आपल्या रात्री साडेनऊला तिकडे संध्याकाळचे पाच वाजतात; ती वेळ दोघांनाही सोयीची पडते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि अंतर साडेपाच तासांचे होते. त्या दिवसापासून फोन साडेदहाला येईल, तेव्हा साडेनऊपासून हातात फोन धरून बसू नका.